वैमानिकांची भरती आणि ओहोटी

विमान चालविण्याचा परवाना हातीं असणें आणि विमान चालविण्याची चाकरी मिळणें, या दोन गोष्टींत केवढें अंतर आहे याची कल्पना परवाना काढणाऱ्या तरुणाला सहसा नसते. आणि पैसे भरणाऱ्या त्याच्या वडिलांना ती येते तेव्हां बहुधा उशीर झालेला असतो. आपल्या देशांत हें अंतर पहिल्या परवान्यापासूनचें आहे. १० फेब्रुवारी १९२९ रोजीं जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांना हिंदुस्थानांत दिला गेलेला पहिला वैमानिक-परवाना मिळाला. जुहूच्या मैदानावर मुंबईच्या फ्लाइंग क्लबांत ते उड्डाण शिकले. त्या दिवशीं उतारूंची किंवा टपालाची नियमित ने-आण करणारी एकही देशी विमानकंपनी हिंदुस्थानांत नव्हती. परवाना क्रमांक एक होता, पण चाकरी एकही नव्हती.

आदल्या वर्षींच, म्हणजे १९२८ सालीं, दिल्ली, कलकत्ता, मुंबई व कराची येथें सरकारी अनुदानावर फ्लाइंग क्लब निघाले होते. तेथें शिकावयास येणारे लोक बहुतेक सुखवस्तु घरांतले. परवान्याचे दोन वर्ग असत. ‘अ’ वर्गाच्या परवान्यावर हौस म्हणून उडतां येई. मोबदला घेऊन विमान चालवावयाचें तर ‘ब’ वर्गाचा परवाना लागे. पहिल्या वर्गाचे धारक वाढत गेले, दुसऱ्याचे फार थोडे राहिले, आणि तें स्वाभाविकच होतें. मोबदला देणारा कोण, याच प्रश्नाला उत्तर नव्हतें.

१९३० सालासाठीं आगाखान यांनीं ५०० पौंडांचें बक्षीस लावलें. हिंदुस्थान व इंग्लंड यांमधील प्रवास एकट्यानें विमानांतून एका महिन्याच्या आंत पुरा करणाऱ्या पहिल्या हिंदी माणसाला तें मिळावयाचें होतें. मनमोहन सिंग, अस्पी इंजिनियर आणि टाटा असे तिघे या शर्यतींत उतरले. अस्पी अवघे सतरा वर्षांचे होते. बक्षीस त्यांनींच जिंकलें. परंतु जिंकलेल्या वैमानिकाला नागरी विमानवाहतुकींत जागा कोठें होती? ते हवाई दलाच्या वाटेनें गेले आणि १९६० सालीं भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. शर्यत हरलेल्या गृहस्थांनीं मात्र पुढें दोनच वर्षांनीं विमानकंपनी काढली. वैमानिकाची चाकरी या देशांत निर्माण झाली ती विमान चालविण्याच्या कौशल्यामुळें नव्हे, तर भांडवलामुळें आणि टपालाच्या करारामुळें, हें येथेंच ध्यानांत ठेवावें. पुढील सर्व कथेची किल्ली त्यांत आहे.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजीं टाटांनीं ‘पस मॉथ’ जातीचें एक एंजिनाचें लहान विमान टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गें जुहूस आणलें. तेथून पुढें बल्लारीवरून मद्रासपर्यंतचा टप्पा नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं केला. सरकारनें अनुदान देण्याचें नाकारलें होतें. जेवढें टपाल नेलें जाईल त्या मानानें पैसे. जुहूला एक ताडपत्र्यांनीं शाकारलेली शेड, आणि सगळ्या संस्थेंत पूर्ण वेळेचा पगारी वैमानिक एकच. बाकीचें उड्डाण व्हिन्सेंट व टाटा स्वतःच करीत. पावसाळ्यांत जुहूचें मैदान पाण्याखालीं जाई, तेव्हां हा सगळा संसार पुण्यास हलवावा लागे. पहिल्या वर्षांत विमानें १,६०,००० मैल उडालीं आणि त्यांतून उतारू गेले ते फक्त १५५. म्हणजे वैमानिकाचा पगार उतारू देत नव्हता. तो टपालाच्या पिशव्या देत होत्या. १९३८ सालीं साम्राज्यांतील टपाल जादा आकाराशिवाय विमानानें नेण्याची योजना अमलांत आली, तेव्हां कंपन्यांना हमीचें उत्पन्न लाभलें, मोठीं विमानें आलीं आणि वैमानिकांच्या जागा वाढल्या. दुसऱ्याच वर्षीं युद्ध सुरू झालें.

या पहिल्या दशकांत किती जणांचे मनोरथ अर्ध्या वाटेवर राहिले याची गणती नाहीं. एक उदाहरण मात्र विसरण्यासारखें नाहीं. सरला ठकराल यांनीं १९३६ सालीं, वयाच्या एकविसाव्या वर्षीं, लाहोर येथें विमान चालविण्याचा परवाना मिळविला आणि पुढें एक हजार तासांचें उड्डाण पुरें केलें. त्यांचे पती स्वतः टपालविमानाचे वैमानिक होते. १९३९ सालीं ते अपघातांत मृत्यु पावले. सरलाबाई धंदेवाईक परवान्याच्या शिक्षणासाठीं जोधपूरला गेल्या, तों युद्धामुळें नागरी उड्डाणशिक्षण बंद पडलें. त्या लाहोरास परतल्या, चित्रकला शिकल्या आणि पुढें कापडावरील छपाई व दागिन्यांचे आकृतिबंध यांवर त्यांनीं आपला चरितार्थ चालविला. हजार तासांचा अनुभव हिशेबांत आलाच नाहीं.

युद्ध संपलें आणि चित्र एका वर्षांत पालटलें. अमेरिकन सैन्यानें मागें ठेवलेलीं डाकोटा विमानें कवडीमोलानें विक्रीस निघालीं. तीं घ्यावीं, बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यांत दुरुस्त करून खुर्च्या बसवून घ्याव्या, आणि कंपनी काढावी, असा जणूं परिपाठच पडला. १९४६ सालीं परवानामंडळ स्थापन झालें, पण त्याचा हात सढळ निघाला. टाटांच्या कंपनीचें त्याच वर्षीं ‘एअर इंडिया’ असें नामांतर झालें. तिच्या जोडीस इंडियन नॅशनल एअरवेज आणि एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया या जुन्या कंपन्या होत्या. त्यांत डेक्कन, भारत, अंबिका, ज्युपिटर, मिस्त्री, दालमिया-जैन, ओरिएंट, कलिंग, हिमालयन अशा नव्या नांवांची भर पडली. एवढ्या कंपन्यांना पुरेल इतके उतारू या देशांत नाहींत, असें टाटा कंठशोष करून सांगत होते. स्पर्धेला भिणारा जुना व्यापारी असें बोलणारच, असें त्यावर अनेकांना वाटलें असावें. आंकडे मात्र त्यांच्या बाजूनें होते.

कंपन्या डझनभर, विमानें ढीगभर. मग वैमानिकांची चंगळ झाली असेल, असें कोणासही वाटेल. कांहीं वैमानिकांची झालीही. युद्धांतून मोकळे झालेले हवाई दलाचे लोक, ज्यांच्या वहीवर हजारों तासांची नोंद होती, त्यांना कंपन्यांनीं हातोहात उचललें. १९४७ च्या शरदृतूंत या डाकोटांनीं फाळणींतील निर्वासित वाहून नेले; २७ ऑक्टोबरला श्रीनगरच्या मैदानावर सैनिक उतरविण्यास मुलकी कंपन्यांचीं विमानें व मुलकी वैमानिक धांवून गेले. १९४९ च्या जानेवारींत रात्रीच्या टपालाची योजना सुरू झाली. मुंबई, कलकत्ता, दिल्ली व मद्रास येथून निघालेलीं चार विमानें मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र येत, आपसांत पिशव्यांची अदलाबदल करीत आणि उजाडण्याच्या आंत आपापल्या गांवीं परतत. सोनेगांवच्या धांवपट्टीवरचा तो अपरात्रींचा बाजार पाहिलेले लोक नागपुरांत पुष्कळ वर्षें होते. अशा कामाला जुना, कसलेला कप्तानच लागे. फ्लाइंग क्लबांतून नुकताच बाहेर पडलेला, दोनशें तासांचा तरुण तेथें कोणाला हवा होता?

त्या काळच्या निवडीची रीत प्रेम माथुर यांच्या अनुभवावरून उघड होते. अलाहाबादला शिकून त्यांनीं १९४७ सालीं धंदेवाईक परवाना मिळविला. आठ कंपन्यांनीं त्यांचे अर्ज फेटाळले. स्त्रीच्या हातीं विमान आहे असें कळलें तर उतारू घाबरतील, असें कारण पुढें करण्यांत आलें. शेवटीं हैदराबादच्या डेक्कन एअरवेजनें त्यांना सहवैमानिक म्हणून घेतलें. १९४९ सालची राष्ट्रीय विमानशर्यत त्यांनीं जिंकली. तरीसुद्धां, आवश्यक तितके तास भरलेले असतांही, डाव्या खुर्चीवर, म्हणजे कप्तानाच्या जागेवर, कंपनीनें त्यांना बसूं दिलें नाहीं. तेव्हां त्या ती नोकरी सोडून घनश्यामदास बिर्लांचें खाजगी विमान चालवूं लागल्या. सहवैमानिकाची खुर्ची आणि कप्तानाची खुर्ची यांमध्यें अंतर हातभराचें. पण धंद्याच्या दृष्टीनें तीं दोन वेगळींच जगें आहेत.

कारण असें कीं, कप्तान विकत मिळत नाहीं. वरिष्ठ परवान्याला १५०० तास लागतात, आणि ते तास नोकरीशिवाय भरत नाहींत. नोकरी मागावयास जावें तर कंपनी विचारते, तास किती? म्हणून या धंद्यांत टंचाई आणि बेकारी हातांत हात घालून नांदतात. वर्तमानपत्रांत ‘वैमानिकांची तीव्र टंचाई’ असा मथळा झळकतो तेव्हां त्याचा अर्थ कप्तानांची टंचाई असा घ्यावयाचा असतो. वाचणारा बाप तो आपल्या अठरा वर्षांच्या मुलाला लावतो.

डझनभर कंपन्यांचा तो डोलारा टिकणारा नव्हताच. पेट्रोलवरील कर, रिकाम्या खुर्च्या आणि एकाच मार्गावर दोघातिघांची ओढाताण यांनीं कंपन्या खंगत गेल्या. अंबिका व ज्युपिटर तर अल्पावधींतच बुडाल्या. १९५० सालीं मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी समिति बसली. कंपन्या फार झाल्या आहेत, त्या एकत्र करून चारवर आणाव्या, असें तिनें सुचविलें. १ ऑगस्ट १९५३ पासून मात्र राष्ट्रीयीकरणच झालें. आठ कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स महामंडळ बनलें. त्यांच्याकडून आलेलीं विमानें ९९, पैकीं ७४ डाकोटा. आठ निरनिराळ्या वेतनश्रेणींचे आणि सेवाशर्तींचे लोक एका छत्राखालीं आले. वैमानिकाचें पद, मार्ग, सुटी आणि बढती ज्या एका गोष्टीवर अवलंबून असते, त्या सेवाज्येष्ठतेच्या यादींत कोणाचें नांव कोणाच्या वर लागावें, हा प्रश्न अशा वेळीं साधा राहत नाहीं.

पुढचीं जवळजवळ चाळीस वर्षें देशांत उतारू-विमानांच्या वैमानिकाला मुख्य मालक दोनच: देशांतर्गत महामंडळ आणि परदेशीं जाणारी एअर इंडिया. ज्याचा प्रवेश झाला त्याची नोकरी सरकारी नोकरीसारखी पक्की. ज्याचा हुकला त्यानें क्लबांत शिक्षक व्हावें, शेतांवर औषध फवारावें किंवा आखाती देशांची वाट धरावी. शिक्षणाची सोय सरकारनें केली, ती अलाहाबादच्या केंद्रांत आणि पुढें १९८० नंतर रायबरेलीजवळ फुरसतगंजच्या अकादमींत. परंतु भरती थेंबाथेंबानें. या काळांतली एक गोष्ट समाधानाची. १९८५ च्या नोव्हेंबरांत सौदामिनी देशमुख यांनीं कलकत्त्याहून सिलचरला फोकर विमान नेलें, तेव्हां आंतील सर्व कर्मचारी स्त्रियाच होत्या आणि कप्तानाच्या खुर्चीवर त्या स्वतः. प्रेम माथुरांना नाकारलेली हीच ती खुर्ची.

याच काळांत विमानाच्या पुढच्या कोठडींतील माणसें एकेक करून उतरत गेलीं, आणि त्याकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. डाकोटांत दोन वैमानिकांबरोबर बिनतारी यंत्राचा अधिकारी असे. लांबच्या पल्ल्याला दिग्दर्शक असे. मोठ्या जेट विमानांत एंजिनाचा अधिकारी असे. १९८९ सालीं इंडियन एअरलाइन्सनें एअरबस ए-३२० आणलें तेव्हां त्यांत फक्त दोन खुर्च्या उरल्या होत्या. ज्यांचे हुद्दे असे यंत्रानें गिळले, त्यांच्याही नोकऱ्या एके काळीं ‘कायमच्या’ होत्या.

१९९० नंतरच्या मोकळिकेंत पुन्हां तोच खेळ दिसला. ईस्ट-वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त, जेट, सहारा अशा कंपन्या उभ्या राहिल्या. सरकारी कंपनीचे अनुभवी कप्तान जास्त पगारावर तिकडे गेले. पहिल्या तीन कंपन्या दशक संपण्याच्या आंत नाहींशा झाल्या. पण खरी लाट आली ती पुढच्या दशकांत. २००३ मध्यें एअर डेक्कन, २००५ मध्यें स्पाइसजेट, किंगफिशर व गोएअर, २००६ मध्यें इंडिगो. तिकीट रेल्वेच्या वरच्या वर्गाच्या भाड्याला भिडलें, विमानांच्या मागण्या शेंकड्यांनीं नोंदल्या गेल्या आणि कप्तान कमी पडले. तेव्हां कंपन्यांनीं परदेशी कप्तान आणले. सरकारनें त्यांना तात्पुरत्या मान्यता दिल्या. त्याच सुमारास, २००६ मध्यें, आंतरराष्ट्रीय नियमानें कप्तानाची वयोमर्यादा साठावरून पासष्ट झाली. दोन्ही उपाय तातडीचे म्हणून योग्यच. पण दोहोंनीं खालच्या उमेदवाराची पायरी आणखी लांब गेली.

इकडे पुणें, नाशिक, नागपूर, इंदूर अशा शहरांतून मुलें उड्डाण शिकण्यास निघालीं. कोणी बारामतीस गेलें, कोणी गोंदियास, कोणी अमेरिकेस, न्यूझीलंडला वा फिलिपाइन्सला. घर तारण ठेवून कर्ज काढण्यांत आलें, निवृत्तीचा पैसा मोडण्यांत आला. दोनशें तासांचा परवाना घेऊन मुलगा परत आला तों २००८ सालचा जुलै उजाडला होता आणि खनिज तेल पिंपाला १४७ डॉलरवर पोंचलें होतें. कंपन्यांनीं विमानें घेणें लांबविलें. सहारा जेटमध्यें, डेक्कन किंगफिशरमध्यें विलीन झाली. ऑक्टोबर २०१२ मध्यें किंगफिशरचीं उड्डाणें थांबलीं आणि तिचे हजारों तासांचे अनुभवी वैमानिक बाजारांत आले. १९४७ सालीं क्लबांतल्या तरुणाची जी अवस्था झाली होती तीच आतां या तरुणाची झाली. फरक एवढाच कीं, पहिला बहुधा धनिकाचा पुत्र होता. दुसरा बँकेच्या कारकुनाचा किंवा शाळामास्तराचा. विशिष्ट जातीचें विमान चालविण्याचें निराळें शिक्षणही आतां त्यानेंच स्वखर्चानें घ्यावें अशी कंपन्यांची अपेक्षा असे, आणि तें घेऊनही बोलावणें येईलच असें नसे. परवान्याची मुदत राखण्यासाठीं पुन्हां उड्डाण, वैद्यकीय तपासणी, पुन्हां पैसे. २०११ सालीं परीक्षांच्या बनावट गुणपत्रिकांवर परवाने मिळविल्याचीं प्रकरणें उघडकीस आलीं. त्यांतील अपराधाचें समर्थन कोणीही करणार नाहीं. पण त्यामागची घायकूत समजण्यास अवघड नाहीं.

यानंतर चक्र आणखी दोनदां फिरलें, आणि दर वेळीं अधिक वेगानें. २०१७ सालीं कप्तान इतके दुर्मिळ झाले कीं राजीनाम्यानंतर एक वर्ष नोकरी सोडतां येऊं नये, असा नियम सरकारनें काढला. १७ एप्रिल २०१९ च्या रात्रीं जेट एअरवेज बंद पडली. २०२० च्या मार्चअखेरीपासून दोन महिने देशांतलें एकही नियमित उतारू-विमान उडालें नाहीं. आणि २०२३ सालीं पुन्हां उधाण: फेब्रुवारींत एअर इंडियानें ४७० विमानांची, जूनमध्यें इंडिगोनें एकदम ५०० विमानांची मागणी नोंदविली, मधल्या मे महिन्यांत गोएअरची वारसदार गो फर्स्ट बंद पडली होती, तें लोक विसरून गेले. त्या वर्षीं देशांत १,६२२ धंदेवाईक परवाने दिले गेले. एका वर्षांत एवढे पूर्वीं कधींच दिले गेले नव्हते. पुढील पंधरा-वीस वर्षांत ३०,००० वैमानिक लागतील, असें केंद्रीय मंत्र्यांनीं २०२५ मध्यें सांगितलें. हा आंकडा खोटा नाहीं. परंतु इंडिगोचीं तीं ५०० विमानें यावयाचीं आहेत २०३० ते २०३५ या काळांत. २०२३ सालीं परवाना घेतलेल्याचें कर्ज त्या आधींच फेडीला आलेलें असतें.

एका विमानाला वैमानिक किती लागतात, हा हिशेब साधा आहे. विमान दिवसास बारा तास उडालें तर वर्षाचे सुमारें ४,४०० तास होतात. प्रत्येक तासाला दोन माणसें, म्हणजे ८,८०० तास. एका वैमानिकास वर्षांत एक हजार तासांहून अधिक उडतां येत नाहीं. तेव्हां नऊ माणसें तर लागणारच. रजा, आजार, तपासण्या व विश्रांति धरली कीं त्याहून अधिक, आणि त्यांतले निम्मे कप्तान. विश्रांतीचा नियम जितका ढिला, तितकीं कमी माणसें पुरतात. २०२४ च्या जानेवारींत जाहीर झालेले आणि कंपन्यांच्या आग्रहानें लांबणीवर पडलेले नवे नियम अखेर १ नोव्हेंबर २०२५ पासून पूर्णपणें लागू झाले. आठवड्याची सलग विश्रांति ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली होतीच. आतां रात्रीं विमान उतरविण्याची मर्यादा सहावरून दोनवर आली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यांत इंडिगोजवळ या नियमांना पुरतील इतके वैमानिक नाहींत असें दिसून आलें. हजारों उड्डाणें रद्द झालीं; लग्नसराईंतले उतारू विमानतळांवर सामानाशेजारीं अंग टाकून पडले. सरकारनें कंपनीला रात्रीच्या नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली. त्याच आठवड्यांत देशांतल्या घराघरांतून परवाने घेतलेलीं, बोलावण्याची वाट पाहणारीं मुलें दूरचित्रवाणीवर हीं दृश्यें पाहत होतीं; आणि त्यांच्यापैकीं एकाला त्या दिवशीं नेमणूकपत्र मिळालें असतें, तरी उजव्या खुर्चीवर उतारू घेऊन बसण्यास त्याला कित्येक महिने लागले असते, डाव्या खुर्चीवर जाण्यास कित्येक वर्षें.